एक जास्तीची फेरी

लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याने आपलं मोजणारं माणूस स्वतः निवडायचं, हा त्या क्लबाचा जुना शिरस्ता. पंधराशे मीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावाच्या जाऊन-येऊन तीस फेऱ्या. तोंड पाण्यात, कानांत बोळे, छाती भात्यासारखी चाललेली. पोहणाऱ्याने मोजायचं तरी कधी? म्हणून पलीकडच्या काठावर त्याचं माणूस गुडघे टेकून बसतं आणि किती फेऱ्या उरल्या त्या आकड्याची पाटी पाण्यात बुडवून दाखवतं. शेवटच्या फेरीला लाल पाटी. बाकीच्या क्लबांत शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात. इथे घंटा नाही. ‘आमची लाल पाटी हीच घंटा,’ असं इथले लोक ताठ मानेने सांगतात, आणि मान ताठ असायला कारणही आहे. क्लबाच्या पहिल्या तुकडीने बारा वर्षांत लांब पल्ल्याची नऊ राष्ट्रीय पदकं आणली आहेत. दारातल्या फलकावर प्रत्येक विजेत्याच्या खाली बारीक अक्षरांत मोजणाऱ्याचंही नाव असतं. पोहणारे तो फलक एकदा बघतात. मोजणारे रोज बघतात.

टिटवीचं मोजायला तिची मावशी असायची. टिटवी हे तुकडीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव, कारण पाण्याबाहेर आली की तिच्या तोंडाला खळ नसे. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कागद मोजत होती. गठ्ठ्याचा कोपरा पंख्यासारखा उघडायचा आणि पाच-पाच कागद अंगठ्याखालून सोडायचे. गप्पा मारता मारता हजार मोजायची आणि नऊशे नव्व्याण्णव भरले तर मालकाला जेवणावरून उठवायची. टिटवी दहा वर्षांची होती तेव्हापासून सात वर्षं मावशीने तिच्या फेऱ्या मोजल्या होत्या. एक चुकली नव्हती. मावशीच्या आयुष्यात मिरवण्यासारखं फार काही नव्हतं, पण हे होतं, आणि ते ती मनसोक्त मिरवायची.

त्या दिवशी निवडीची शर्यत होती. सतरा मिनिटांच्या आत आली तर टिटवी देशाच्या संघात जाणार होती. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती सतरा मिनिटं चार सेकंद. मास्तरांनी सकाळपासून एकच पालुपद लावलं होतं. “दम राख. लाल पाटी दिसेपर्यंत दम राख. मग काय तो जीव टाक.” टिटवीची आई वर प्रेक्षकांत डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून बसली होती. लेकीच्या शर्यतींना ती न चुकता यायची आणि त्यातली एकही तिने पाहिली नव्हती.

बाविसाव्या फेरीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मावशीने नऊची पाटी दाखवली, टिटवी आपल्या तिसऱ्या गल्लीत वळून गेली, आणि तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, “तिसरी गल्ली क्लबाच्या विक्रमाच्या दोन सेकंद पुढे!” सगळी गॅलरी ओरडायला लागली. मावशीने मान वर केली. झालं एवढंच. पण कारखान्यात मोजताना कुणी मध्येच हाक मारली, तर शेवटचा आकडा परत घ्यायचा असतो. एक जास्त गेला तर काढून टाकता येतो, एक कमी गेला तर पुस्तक बाद. एकोणीस वर्षांची सवय ती. मावशीने मान खाली घातली, हातात नऊची पाटी होती, आणि पुढच्या फेरीला तिने तीच पुन्हा पाण्यात बुडवली.

तिच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. आठ, सात, सहा असं मजेत चाललं होतं. टिटवी दोनची पाटी बघून वळली आणि पाठोपाठ शेजारच्या चौथ्या गल्लीची मुलगी आली. तिचे मोजणारे पोस्टमनकाका. त्यांनी लाल पाटी बुडवली.

“मावशी, आमची लाल झाली. पुढे असून तुमची दोन कशी?”

“तुमचीच चुकली असेल,” मावशी म्हणाली. “पत्रं नाहीत ती, शेजारच्या घरात टाकायला!”

टिटवी सुरुवातीच्या भिंतीला पाय लावून वळली, तशी सगळी गॅलरी हातवारे करत उभी राहिली. आपल्या पोरीचं कौतुक चाललंय असं वाटून मावशीला भरून आलं. टिटवी जवळ आली तेव्हा तिने मोठ्या दिमाखात लाल पाटी बुडवली. टिटवीने भिंतीला जी लाथ मारली, तिचं पाणी मावशीच्या तोंडावर उडालं. तोंड पुसून मावशीने समोर पाहिलं, तर चौथ्या गल्लीतली मुलगी पलीकडे दोरीला लटकून टोपी काढत होती आणि तिची शर्यत कधीच संपली होती.

एक फेरी जास्तीची झाली होती.

टिटवी पोचली, चष्मा वर केला आणि तिने हात उंचावला. कुणी टाळी वाजवली नाही. पंच आणि तीन घड्याळवाले डोकी एकत्र करून उभे होते. मावशीने पाट्यांचा गठ्ठा सारखा केला, तलावाला वळसा घालून मास्तरांकडे गेली आणि तो त्यांच्या हातात ठेवला.

“दुसरं कुणीतरी बघा, मास्तर. पोरीचं वाटोळं केलं मी.”

“थांबा हो जरा,” मास्तर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष पंचाकडे होतं.

पंच भोंग्यापाशी गेला. पंधराशे मीटर पुरे होताना अंगाचा कुठलाही भाग भिंतीला लागला तरी चालतो, असा नियम आहे. तिसऱ्या गल्लीचे पाय लागले होते, आणि तिन्ही घड्याळवाल्यांनी घड्याळं तेव्हाच थांबवली होती. सोळा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पहिला क्रमांक, संघात निवड. गॅलरी दणाणली. टिटवीच्या आईने एक डोळा उघडून शेजारच्या बाईला विचारलं, “झालं का?”

मास्तर मात्र आपल्याच घड्याळाकडे बघत राहिले होते. “जास्तीची फेरी एकतीस सेकंदांत मारलीय हिने,” ते म्हणाले. “पंधराशे मीटर झाल्यावर! पोरीत एवढं शिल्लक होतं, आणि मी गाढव वर्षानुवर्षं दम राख, दम राख करत बसलो.”

मावशीला ते कौतुक गोड लागेना. नशिबाने निभावलं होतं, मोजणीने नाही. मास्तरांनी संघाचा कागद भरायला घेतला आणि मोजणाऱ्याच्या रकान्यापाशी थांबून त्यांनी टिटवीकडे पाहिलं. टिटवी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती.

“मावशीच,” ती म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

“मुळीच नाही,” मावशी म्हणाली. “पुन्हा चुकले तर?”

“आज चुकलीस ते मला पाण्यातच कळलं होतं गं. सगळे उभे राहिलेले दिसले. परत येताना तर ती चौथी चक्क दोरीला लटकून हसत होती.”

“मग थांबली का नाहीस, बये?”

टिटवीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू मावशीनेच काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

“थांबू कशी? तू लाल दाखवली होतीस ना. लाल दिसली की शेवटची फेरी.”

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने टिटवीच्या टॉवेलचं टोक ओढून तोंड पुसलं, मास्तरांकडून पेन घेतलं आणि नाक ओढत रकान्यात सही केली.