लव्हर्नचे कीट

हॅरो क्रीकमध्ये काडतुसे घरीच भरतात. तळघरात लाकडी बाक, बाकावर हातदांड्याचे प्रेस आणि प्रेसमध्ये बसवलेली पोलादी डाय. पितळी काडतुसात दारू घालायची, तोंडावर शिशाची गोळी ठेवायची आणि दांडा ओढायचा. काडतूस डायमध्ये वर चढते, आतला दट्ट्या गोळीचे नाक दाबतो आणि गोळी हवी तेवढी खोल बसते. किती खोल, हे ज्याचे त्याने आयुष्यात एकदा ठरवायचे. ठरले, की दट्ट्या वर-खाली करणाऱ्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. मग तो स्क्रू कोणी हलवत नाही. डाय कोणत्या घरची, हे आमच्याकडे रंगावरून ओळखतात. गॉर्डी सँडविकच्या डायवरचा जांभळा रंग त्याच्या बायकोने कधीच लावलेला नव्हता, आणि रायफल क्लबात हा विषय तो बाहेर गेल्यावरच निघतो.

आर्डिसच्या डायवरचा थेंब लालभडक होता. तिचा पहिला नवरा लव्हर्न याने तो लग्नाच्या वर्षी सोडला होता. माणूस जातो तेव्हा त्याचा कोट रिकामा होतो, खुर्ची रिकामी होते, गादीतला खळगाही हळूहळू भरून येतो. लव्हर्नची डाय मात्र रिकामी झाली नाही. त्याच्यामागे दर हिवाळ्याच्या तोंडी आर्डिस तळघरात उतरत असे, त्याच डायने काडतुसे भरत असे, त्याच्याच जुन्या लिव्हर-रायफलने एक हरीण पाडत असे, आणि फ्रीजर भरला की ती आणि लव्हर्न यांचे त्या वर्षापुरते बोलणे झाले, असे आम्ही धरून चालत असू.

मग तिने ऑर्लिनशी लग्न केले. ऑर्लिनचे आयुष्य गावातल्या दंतवैद्याकडे कवळ्या आणि कॅपा घडवण्यात गेले होते. काटा-चमचा तो जेवणाआधी पुसत असे आणि जेवणानंतर धुण्याआधीही पुसत असे. आर्डिसने त्याला अर्धा पलंग दिला, अर्धे गॅरेज दिले, कुत्राही जवळजवळ सगळा दिला. तळघरातला बाक तेवढा दिला नाही. बाकाच्या वर खिळ्याला लव्हर्नचा एप्रन टांगलेला होता. खाली जाताना ऑर्लिन त्या एप्रनला मान लववून नमस्कार करत असे. एप्रन काही बोलत नसे, पण ऑर्लिनला ते मनाला लागे.

त्या वर्षी आर्डिसच्या वाढदिवसाला काय द्यावे, याचा त्याने फार विचार केला आणि डाय साफ करून दिली. वाकडी सुई, छोटा आरसा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस. स्क्रूला त्याने हातही लावला नाही. रोग्याच्या तोंडात काम करावे तसे खालच्या तोंडातून आत शिरून त्याने दट्ट्याच्या टोकाला गोळीचे नाक बसते त्या वाटीतले कीट खरवडले. लव्हर्न गोळ्यांना स्वतः वितळवलेले मधमाश्यांचे मेण लावत असे. त्या मेणाचा आणि शिशाचा दगडासारखा झालेला करडा थर निघून गेला. लाल थेंबाला तडासुद्धा गेला नाही. ऑर्लिनने डायला रेशमी फीत बांधली आणि ती न्याहारीच्या टेबलावर ठेवली.

शिकारीच्या सीझनच्या पहिल्या सकाळी आर्डिस ओढ्याकाठच्या झाडीत उभी होती. समोर मोठे नर हरीण आले. तिने लिव्हर ओढला आणि काडतूस मध्येच अडकले. हरणाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग, जणू आपलाच वेळ फुकट गेला अशा चेहऱ्याने, ते निघून गेले.

घरी येऊन तिने काडतुसे मोजपट्टीला लावली. सगळी जरा जरा लांब. गोळी पुरती खोल बसत नव्हती. जेवढा कीटाचा थर गेला, तेवढी ती वर राहत होती. लव्हर्नने थेंब सोडला तेव्हा डाय आधीच घाण होती, हे त्या दिवशी गावाला कळले. त्याचे माप स्क्रूत नव्हतेच, ते कीटात होते. मोहोर शाबूत होती आणि पत्र गेले होते.

आर्डिस ओरडली नाही. तिने ऑर्लिनची बॅग भरली, वर सँडविच ठेवले आणि बॅग व्हरांड्यात नेऊन ठेवली. सीझन संपेपर्यंत फ्रीजर भरला तर बॅग आत येईल, नाही तर ऑर्लिनने बिलिंग्जला बहिणीकडे जायचे, एवढेच तिने सांगितले. तेव्हापासून ऑर्लिन रोज सकाळी व्हरांड्यात जाऊन बॅगेतला शर्ट काढत असे. संध्याकाळी आर्डिस तो धुऊन, इस्त्री करून पुन्हा बॅगेत ठेवत असे. बॅगेवर बर्फ साचत होते. सँडविचही ती रोज ताजे ठेवत होती.

गॉर्डी समजूत घालायला आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"आर्डिस, एवढं काय त्यात? स्क्रू जरासा फिरव, दट्ट्या खाली येईल. झालं काम."

"आधी घरी जाऊन बायकोला सांग जांभळा रंग कोणाचा ते," आर्डिस म्हणाली. "मग ये माझा लाल फोडायला."

गॉर्डीने टोपी घातली. स्क्रूचा विषय तिथेच मिटला.

आता एकच मार्ग राहिला: कीट परत आणणे. चर्चच्या तळघरात हॉटडिशचे, म्हणजे घरोघरून भाजून आणलेल्या बटाट्या-मांसाच्या थाळ्यांचे, जेवण होते, तिथे क्लबातले लोक आपापल्या डायांतले कीट बाटल्यांतून घेऊन आले. इतकी वर्षे जे आम्ही एकमेकांपासून लपवले, ते त्या दिवशी टेबलावर कागदी रुमालांवर मांडलेले होते. कोणाचे भुसभुशीत होते, कोणाचे चिकट, कोणाच्या कीटाला डुकराच्या चरबीचा वास. एकेक आर्डिसच्या दट्ट्याच्या वाटीत भरून पाहिले. गोळीचे नाक लागताच प्रत्येक फुटले किंवा पसरले. ज्याचे फुटले, तो रागावून घरी गेला. पाद्रीबाईंनी कीटावर प्रार्थना म्हणायला नकार दिला, पण बटाट्याचा दुसरा वाढा घेताना त्या म्हणाल्या की नकार देताना आपल्याला जड गेले.

त्या जेवणाहून परतताना ऑर्लिनने आर्डिसकडे ते मागितले, जे मागण्याची गावात कोणाची छाती नव्हती. लव्हर्नने भरलेले शेवटचे काडतूस. ते तिच्या कोटाच्या उजव्या खिशात असे. चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना तिचा हात तिथेच असे.

"काय करणार त्याचं?" तिने विचारले.

"दट्ट्याच्या वाटीत ठशाची लुकण भरतो आणि हे काडतूस खालून हळूच वर चढवतो. त्याची गोळी लव्हर्ननं बसवलेली, बरोबर खोल. म्हणजे मधे जेवढी जागा उरेल, तेवढंच त्याचं कीट होतं."

"आणि उडालं तर?"

"उडत नाही. चावून धरायचं आणि थांबायचं, बस. दाताचं माप असंच घेतात."

आर्डिसचा हात कोटाच्या उजव्या खिशात गेला.

"लव्हर्न कोणासमोर तोंड उघडायचा नाही," ती म्हणाली. "फक्त तुझ्यासमोर उघडलं होतं. पुढचा दात बसवायला."

"आठवतं मला."

"ओरखडा उठला तर सँडविच बंद." आणि तिने काडतूस त्याच्या तळहातावर ठेवले. ते उबदार होते, असे ऑर्लिनने मला नंतर सांगितले. एखाद्या मृत माणसाचे काही उबदार असू शकते, हे त्याला ठाऊक नव्हते.

गॅरेजच्या त्याच्या अर्ध्यात भट्टी पुन्हा पेटली. लुकणीच्या ठशावरून त्याने चिनीमातीची कॅप घडवली: लव्हर्नच्या कीटाची हुबेहूब प्रत, नखाच्या टोकावर मावेल एवढी. वाकडी सुई आणि आरसा घेऊन, लाल थेंबाला न दुखवता, त्याने ती दट्ट्याच्या वाटीत दातांच्या सिमेंटने बसवली. आर्डिसने टॉर्च लावून डायच्या तोंडात पाहिले. आत, पोलादाच्या अंधारात, एक दात चमकत होता.

"लव्हर्नचा इतका पांढरा नव्हता," ती म्हणाली.

"मी बसवला तेव्हा होता. रंगाचा नंबर तोच वापरलाय. पुढचं सगळं कॉफीनं केलं."

सीझनच्या शेवटच्या रविवारी, थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की अजून संपायची होती तेव्हा, ओढ्याकाठून एक आवाज आला. एकच. लिव्हर लोण्यातून फिरावा तसा फिरला होता. संध्याकाळपर्यंत फ्रीजर भरला, आणि आर्डिसने बॅगेवरचे बर्फ झाडूने झटकून ती आत आणली. सँडविच कुत्र्याला दिले.

आता त्या डायमध्ये कणभरही कीट साचू देता येत नाही. साचले, तर गोळी लव्हर्नच्या मापापेक्षा खोल जाईल. मेलेल्या माणसाची घाण जशीच्या तशी राहावी म्हणून जिवंत माणसाने तिची रोज निगा राखायची, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती करू शकेल असा माणूस गावात एकच आहे. जेवणानंतर ऑर्लिन तळघरात उतरतो, मान लववून खिळ्यावरचा एप्रन काढतो आणि स्वतःच्या कमरेला बांधतो. मग मऊ ब्रशने डायचे तोंड घासतो. वरून, जिन्याच्या तोंडाशी आर्डिस भांडी पुसत उभी असते.

"मागून पण घास," ती सांगते. "मागून तो नेहमी विसरायचा."