नाव भाऊंचं, तपासणी वहिनींची

मी चष्म्याची फ्रेम आहे, पण मिरवायची नव्हे. नंबर काढताना तुमच्या नाकावर बसवतात ना, ती जड, गोल, काचा बदलता येणारी, ती मी. मला घालून कोणीच बरं दिसत नाही, तरी आरशात बघून केस सारखे करणारी माणसं मी खूप पाहिली. आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून अक्षरं पाठ म्हणणारीही पाहिली. नजर कमी झाली हे कबूल करणं माणसाच्या फार जिवावर येतं.

माझे मालक भाऊ. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण झालेलं, सरकारी नोंदणी त्यांच्या नावावर. नंबर काढून झाला की मला उतरवून ते बारीक बॅटरीच्या उजेडात डोळ्याच्या आत पाहायचे. एखाद्याला म्हणायचे, "हे चष्म्याचं काम नाही. आजच मोठ्या दवाखान्यात जा." त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, गल्ला सांभाळायच्या.

पुढे भाऊंचीच नजर गेली. उपचार झाले, उपयोग झाला नाही.

"नोंदणी परत करून टाकतो," ते म्हणाले.

"म्हणजे दुकान बंद. मग खायचं काय?" वहिनी म्हणाल्या. "काचा बदलायच्या आणि 'हे बरं की ते बरं' विचारायचं. इतकी वर्षं बघतेच आहे मी. सही तेवढी तुम्ही करा."

दुसऱ्या दिवसापासून मला वहिनी हाताळू लागल्या. त्यांचा हात हलका होता, नंबर चुकत नसे. गिऱ्हाइकं खूश होती. बॅटरी मात्र खणात पडून राहिली. आत काय पाहायचं असतं, हे वहिनींना कोणी शिकवलं नव्हतं.

मग एक बसड्रायव्हर आला. परवान्याचं नूतनीकरण होतं, नजरेचा दाखला हवा होता. अगदी खालची ओळ त्याने न अडखळता वाचली.

"समोरचं लख्ख दिसतं, वहिनी. कडेचं जरा अंधारल्यासारखं वाटतं."

"वय झालं आता. आम्हालाही वाटतं तसं."

आतल्या खुर्चीत बसलेल्या भाऊंनी मान वर केली. काही विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या हातात पेन दिलं आणि त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन टेकवलं. भाऊंनी सही केली.

काही महिन्यांनी त्याच ड्रायव्हरच्या बसखाली एक सायकलवाला गेला. बाजूने येताना तो दिसलाच नव्हता. डोळ्यातला दाब वाढून ड्रायव्हरची कडेची नजर केव्हाच गेली होती, असं दवाखान्यात निघालं.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या.

"मीच तपासलं," भाऊ म्हणाले.

बाईंनी मला उचललं आणि भाऊंच्या नाकावर ठेवलं. ते नाक मला नवीन होतं, आणि घामाने ओलं होतं.

"समोरचा तक्ता वाचा."

भाऊंनी वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या ओळीपर्यंत सगळं घडाघडा म्हटलं. एकही चूक नाही. तक्ता बाईंनी आधीच उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता, पालथा.

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "मी तपासत होते."

नोंदणी रद्द झाली. दुकानाला सील लागलं. पुरावा म्हणून मला पिशवीत घातलं. तारीख असली की मला न्यायालयात नेतात आणि परत कपाटात आणून टाकतात. माझ्यातून आता कोणी काही पाहत नाही.

मागच्या तारखेला शिपायाने माझी पिशवी बाहेरच्या बाकावर ठेवली होती. शेजारी भाऊ आणि वहिनी होते. सायकलवाल्याची बायको समोर येऊन उभी राहिली.

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना, कडेचं दिसत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मला कळलं नाही."

"कळत नव्हतं, तर तेवढं म्हणायचं होतंत. तो दुसरीकडे गेला असता."

ती निघून गेली.

"अगं, कोण होतं?" भाऊंनी विचारलं.

वहिनींनी सांगितलं. भाऊ धडपडत उठले आणि पावलांचा आवाज येत होता तिकडे हात जोडून उभे राहिले. ती पावलं दुसऱ्याच कोणाची होती. वहिनींनी त्यांना ते सांगितलं नाही.