आधी टकटक, मग आंघोळ

स्वतःच्या घरात वावरायला माणसाला कोणाचीही परवानगी लागता कामा नये, हे माझं आयुष्यभराचं ठाम मत. त्या शनिवारी सकाळी ते मनाशी पुन्हा एकदा पक्कं केलं, खांद्यावर पंचा टाकला आणि न्हाणीघराच्या बंद दारावर काठीने टकटक केली.

"येऊ का आत? आंघोळ करायचीय. जरा बाजूला होता का?"

आतून उत्तर आलं नाही. येत नाहीच. मी उंबऱ्यावर काठी आपटत राहिलो. सहज वळून बघतो, तर मागे आमचा निलेश. ठाण्याहून न कळवता आलेला, हातात बॅग, चेहरा उतरलेला.

"बाबा, आत आई आहे?"

"छे, ती स्वयंपाकघरात."

"मग बोलताय कोणाशी?"

"नाव कधी विचारलं नाही," मी खरं ते सांगितलं.

तो तडक आईकडे गेला. आमच्या भिंती पातळ, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

"आई, हे कधीपासून चाललंय?"

"पावसाळ्यापासून," प्रमिला भाकरी थापत म्हणाली. "मीही विचारते. फक्त मी अहो-जाहो करत नाही."

निलेश मटकन खाली बसला. एकाच सकाळी आई आणि बाप, दोघांचंही डोकं फिरलेलं निघालं, म्हणजे पोराला धक्का बसणारच. शेवटी मी पंचा सावरून त्याला समजावलं.

सिल्वासा भागातल्या गावोगावच्या शाळांत आम्ही दोघांनी जन्मभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे सुरंगी गावात, जंगलाच्या कडेला घर बांधलं. न्हाणीघर आणि संडास बाहेर, पेरूखाली, एकाच छपराचे. शेजारी सरपण. सरपणात उंदीर, उंदरांमागे साप. काठी आपटली की जमीन हादरते आणि तो मोरीच्या भोकातून निघून जातो, सामसूम झाली की परत येतो. काठी त्याच्यासाठी, शब्द माझे वरचे, शाळेतली सवय. साप पकडणारा गोकुळ म्हणतो, ती धामण आहे, विष नाही. पण गेल्या वर्षी त्यानेच आमच्या पायरीवरून घोणस उचलून नेली. म्हणून आम्ही सगळ्यांना सारखाच मान देतो. आधी टकटक, मग बॅटरीचा उजेड, मग पाय.

आपल्या आईबापाला वेड लागलेलं नाही, हे ऐकून कोणताही मुलगा सुखावला असता. निलेश उलट भडकला.

"म्हणजे खरंच साप आहे? बॅगा भरा. दोघंही. आजच्या आज. माझा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे, तिथे मुंगीसुद्धा येत नाही."

"मग आम्ही कशाला येऊ?" प्रमिला म्हणाली.

"आई, चेष्टा नको. आपल्याच मोरीत जायला परवानगी! ही काय जगायची पद्धत झाली?"

माझंच मत माझ्या तोंडावर फेकून तो टॉवेल घेऊन ताडताड गेला आणि न विचारता दार ढकललं. लगेच बाहेर आला. टॉवेल आतच राहिला.

"बादलीमागे..." एवढंच तो बोलू शकला.

"विचारलं नाहीस ना?" मी म्हणालो.

"बास झालं! मी तुम्हाला इथे ठेवणार नाही."

तव्यावरची भाकरी तशीच टाकून प्रमिला दारात आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. वर्गात ती अशी उभी राहिली की मागच्या बाकावरचेसुद्धा गप्प व्हायचे.

"तू कोण ठेवणारा? नोकरीत बदलीचा कागद आला की मी उठायची. कुठे कुठे बिऱ्हाड हलवलं, एकदा नाही म्हटलं नाही. हे घर मी माझ्या मर्जीने बांधलंय. भीती मलाही वाटते, रोज वाटते, म्हणून तर काठी आपटते. पण निलेश, त्या सापाने आजवर मला 'जा' म्हटलेलं नाही. तू म्हणतोयस."

मागे भाकरी करपली, पण सांगायची माझी छाती झाली नाही.

"ठीक आहे," निलेश म्हणाला. "मी एकटाच जातो. पुन्हा येणार नाही."

त्याने बॅग गाडीत टाकली आणि दार धाडकन लावलं. आम्ही दोघं पायरीवर उभे राहिलो. प्रमिलाने काठी हातात घेतली होती, बहुधा आधाराला. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली, थांबली. बराच वेळ नुसतीच घुरघुरत राहिली. मग निलेश उतरून परत आला. छोटी छोटी पावलं टाकत, गुडघे जुळवून.

"बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला संडासला जायचंय. तेवढं तुम्ही विचारता का?"