भिकनराव आणि भिंतीवरचा कॅमेरा

कोसाडच्या वसाहतीत भिकनरावांच्या घरामागे पपईची दोन झाडं होती, थोडं अळू होतं आणि रोज सकाळी येणारं एक मुंगूस होतं. त्याचं खाणंपिणं त्यांची बायको भागीरथी बघायची. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला अमळनेरला निघाली, तेव्हा तिला नवऱ्यापेक्षा मुंगसाचीच काळजी. शेवटी न्यायला आलेल्या जावयानं मागच्या भिंतीवर कॅमेरा ठोकला. "आई, आता मोबाइलवर रोज बघा."

पहिल्या सकाळी भिकनराव भांग पाडून, शर्ट घालून मुंगसाला वाढायला गेले. मग हळूहळू विसरले. भोकाभोकाच्या बनियनवर जाऊन मुंगसाला पाठदुखी सांगू लागले, गाणंही म्हणू लागले. जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

एकदा मुंगसाला उशीर झाला. भिकनरावांनी त्याच्या उकडलेल्या अंड्याकडे पाहिलं आणि तोंडात टाकलं.

"अंडं कोनी खादं?" भिंत भागीरथीच्या आवाजात बोलली.

भिकनराव गिळायचे थांबले. "खराब होतं," ते भिंतीला म्हणाले.

"मग दुसरं ठेवा."

त्यांनी मुकाट्यानं ठेवलं.

बारशाला ते कडक इस्त्रीत, टोपी घालून अमळनेरला गेले. मुंगूस शेजारच्या लोटूवर सोपवलं होतं. पाणी प्यायच्या आत मंगलाबाई नावाच्या अनोळखी म्हातारीनं विचारलं, "पाठ कशी आहे आता?" दुसरीनं बनियन टाकलं का म्हणून चौकशी केली. तिसरीला गाण्याचं दुसरं कडवं ऐकायचं होतं.

भिकनरावांनी भागीरथीला गाठलं. "सगळ्यांना दाखवलंस?"

"बाळंतिणीपाशी बसून बायका किती गप्पा मारतील?" ती पाळण्याची दोरी नीट करत म्हणाली.

ते रुसून कोपऱ्यात बसले. तेवढ्यात बायका मोबाइलभोवती जमल्या. मुंगूस आलं होतं, वाटी रिकामी होती, लोटूचा पत्ता नव्हता. मुंगूस वळून निघालं. भिकनरावांना राहवेना. मंगलाबाईंनी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला.

"थांब रे बाबा, लोटू येतोय!"

मुंगूस थबकलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि थेट वर बघू लागलं.

"मना आवाज आयकीसन तर पयस ते," भागीरथी जरा मनाला लागल्यासारखं म्हणाली. भिंतीतून तिचा आवाज आला की मुंगूस पळून जायचं.

भिकनरावांनी टोपी सरळ केली आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. पाळण्यापाशी नाव ठेवायला दोनदा बोलावणं आलं, तरी ते उठले नाहीत.