पुठ्ठा घातलेले कांबळे

मित्रांनो, मी एक जुने कांबळे आहे. रंगाने राखाडी, अंगाला खरखरीत, आणि एका कोपऱ्याला मोठमोठे टाके. सध्या मी एका कपाटात काचेमागे घडी होऊन बसले आहे. थंडी जवळ आली की मला ही घडी नकोशी होते. का, ते आज तुम्हाला सांगते, कारण या घरात माझे ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही.

माझा जन्म गिरणीत झाला. नाव म्हणून पाठीवर काळ्या शाईचा एक नंबर मिळाला. तेथून माझी रवानगी लष्कराच्या भांडारात झाली आणि भांडारातून एका नव्या रंगरुटाच्या हातात. तो शिंप्याचा मुलगा होता, अंगाने इतका किडकिडीत की वर्दीत तो नेमका कुठे आहे हे शोधावे लागे. बराकीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव सुईदोरा ठेवले. त्याने माझी कड दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "झकास ऊब आहे याच्यात." मित्रांनो, मी हुरळून गेले.

पण ती ऊब त्याला मिळाली नाही. आमचे हवालदार रोज सकाळी हातात फूटपट्टी घेऊन तपासणीला येत. खाटेच्या उशाशी कांबळ्याची चौकोनी घडी लागे, विटेसारखी कोपरेदार. अर्ध्या बोटाचा फरक पडला की घडी खिडकीबाहेर आणि पोरगा मैदानात, बंदूक डोक्यावर धरून फेऱ्या मारायला. पहिल्या आठवड्यात मी तीनदा खिडकीतून उडाले. एकदा तर थेट स्वयंपाक्याच्या डोक्यावर पडले. तो ओरडला, तर आवाज चढवल्याबद्दल त्यालाही फेऱ्या मिळाल्या.

सुईदोराला मात्र हसू येत नसे. महिन्यात पाच वेळा घडी चुकली तर सरळ घरी पाठवू, असे हवालदारांनी सांगितले होते आणि त्याची चार वेळा चुकून झाली होती. घरी वडिलांची दृष्टी गेलेली, शिवणयंत्रावर फडके टाकलेले. परत गेलो तर त्यांना काय सांगू, या धास्तीने त्याला घास जाईना.

शेवटी त्याने आपल्या घराण्याची विद्या काढली. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माझ्या पोटात घातला आणि माझ्या चारी कडा बारीक, न दिसणाऱ्या टाक्यांनी कायमच्या शिवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला चारी बाजूंनी मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग गरजले, "बघा रे सगळ्यांनी! याला म्हणतात घडी!"

तेव्हापासून माझा डंका वाजू लागला. दुसऱ्या तुकडीतल्या पोरांनासुद्धा मला बघायला आणत. खरे तर मी खूश व्हायला हवे होते, पण माझा जीव टांगणीला लागला होता. कोणी मला उघडले तर? याहून वाईट म्हणजे, कोणाला माझी खरोखरच गरज पडली तर? सुईदोरा पांघरुणाशिवाय कुडकुडत झोपे. शेजारच्या खाटेवरचा ढब्बू नावाचा जाडगेला पोरगा आपले अर्धे कांबळे त्याच्या अंगावर टाकी आणि स्वतः उघडा पडे.

लवकरच बाकीचेही हळूच येऊन म्हणू लागले, "माझ्याही कांबळ्याला चार टाके घाल ना. तुझे बूट घासून देतो." सुईदोराचे बूट आरशासारखे चमकू लागले आणि बराकीतली ऊब एकेक करून शिवली गेली.

मग कडाक्याची थंडी पडली. बराकीमागच्या तळ्यावर आडवा दोर बांधून त्यावरून लटकत पलीकडे जायचा सराव होता. एकाएकी हवालदार स्वतः धापा टाकत बराकीत शिरले. दारातून त्यांची नजर थेट माझ्यावर गेली. जायचीच, इतके दिवस तेच तर मला सगळ्यांना दाखवत होते. त्यांनी मला काखेत मारले आणि तळ्याकडे धाव घेतली.

काठावर ढब्बू निपचित पडला होता. मध्यावर त्याचा हात सुटला होता. ओठ निळे पडले होते. त्याला धरून बसलेला पोरगा रडत म्हणाला, "आत्तापर्यंत दात वाजत होते, हवालदारसाहेब. आता वाजायचेही थांबले."

हवालदार मला झटकू लागले. मी उघडेना. कडा ओढल्या, गुडघ्यावर आपटले. माझ्या पोटातला पुठ्ठा नुसता वाजला. "उघड ना! उघड!" ते मलाच ओरडत होते. मला तेव्हा माझ्या त्या कोपरेदार अंगाची इतकी लाज वाटली!

सुईदोरा पुढे झाला. म्हणाला, "ते शिवलंय. मीच शिवलंय." त्याने दातांनी टाके तोडायला सुरुवात केली. धागा तुटेना तेव्हा त्याने जीव खाऊन हिसका दिला आणि माझा कोपरा टर्रकन फाटला. मित्रांनो, फाटण्यात एवढे सुख असते हे मला ठाऊक नव्हते. मी ढब्बूला डोक्यापासून पायापर्यंत लपेटून घेतले. हवालदार गुडघ्यांवर बसून त्याचे तळपाय चोळत राहिले. बऱ्याच वेळाने ढब्बूचे दात पुन्हा वाजू लागले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी सुईदोराने ट्रंक भरून ठेवली. हवालदार आले ते फूटपट्टीशिवाय.

"आणखी कोणाकोणाची शिवलेली आहेत?" त्यांनी विचारले. आधी एक हात वर झाला, मग दुसरा. वीसजणांत तेरा निघाले. आता आपली धडगत नाही म्हणून सगळे खाली मान घालून उभे होते. हवालदार मात्र सुईदोराच्या खाटेवर मटकन बसले आणि काखेतली एक जुनी घडी त्याच्यापुढे ठेवली.

"आधी हिचे टाके काढ," ते म्हणाले. "माझी आहे. बारा वर्षं झाली. मोठ्या साहेबांच्या तपासणीला मीही भीतच आलोय." मग माझ्या फाटक्या कोपऱ्यावरून हात फिरवत पुटपुटले, "रोज मोजत होतो. पण एकदाही उघडून बघितलं नाही रे."

दाराशी पोहोचल्यावर मात्र त्यांचा मूळ आवाज परत आला. "ती ट्रंक रिकामी कर! आणि उद्या मैदानाला वीस फेऱ्या. सगळ्यांनी! कांबळी पांघरून!" त्यांनीही मारल्या. स्वयंपाकी खिडकीतून पोट धरून हसत होता.

फाटके कांबळे भांडार परत घेत नाही, म्हणून मी सुईदोरापाशीच राहिले. त्याने माझा कोपरा शिवला, पण मोठे आणि सैल टाके घालून. पुढची वीस वर्षे मी त्याच्याबरोबर तंबूत, ट्रकमध्ये, ओल्या जमिनीवर झोपले. मळले, विरले, पण कामात होते.

आता तो म्हातारा झाला आहे. सून मोठी मायाळू आहे. तिने मला धुतले, माझी कोपरेदार घडी घातली आणि या काचेमागे मांडले. पाहुण्यांना ती सांगते, "आमच्या बाबांच्या लष्करातलं आहे. हात नका लावू हं."

तो समोरच्या खाटेवर पातळ चादर ओढून झोपतो. कधी माझ्याकडे बघतो. परवा मुलाने विचारले, "बाबा, थंडी वाजतेय का?" तर म्हणाला, "छे! सूनबाईनं एवढ्या हौसेनं मांडलंय, कशाला विस्कटायचं?" अजून तो तपासणीलाच भितो आहे.

मित्रांनो, वस्तू नीट ठेवाव्यात, हे खरेच. पण त्या कशासाठी आहेत, हे विसरण्याइतक्या नीट ठेवू नका. काल सकाळपासून मला काचेतून त्याचे दात वाजताना ऐकू येत आहेत. ते वाजत आहेत तोवर वेळ गेलेली नाही. कोणीतरी हे कपाट उघडा आणि माझी घडी मोडा.