कवचातला हात

त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकान माझ्या दादाचं, शिंपीकामाचं. अर्धांगवायूच्या झटक्याने त्याचा उजवा हात लुळा पडला होता, आणि तोच हात दर आठवड्याला सगळ्यांदेखत वर जात होता! दादाला नुकतेच भेटलेले एक गुरू त्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत जाड कापडी 'कवच' बांधायचे. सगळ्यांनी तीनदा "ऊठ!" म्हटलं की कोपर वाकून हात कपाळाला टेकायचा. बायका डोळे पुसायच्या.

"कवच उतरलं की हात झोपतो. बाराव्या वेळी कायमचा जागा होईल," गुरू सांगायचे. "मात्र व्यायाम म्हणजे शंका. शंका आली की विश्वकंपनं पळाली!" इतकी भित्री कंपनं, आणि मेंदू दुरुस्त करायला निघालेली.

दादाने दवाखान्यातून व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना यायला मनाई केली. असे सहा आठवडे गेले. मला पटत नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरची आशा बघून मी तोंडाला कुलूप लावलं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी दादाला कवच बांधून गुरू आत जेवायला बसले, तेव्हा त्या बाई न बोलावता आल्या. त्यांनी दादाची आखडलेली बोटं उघडून पाहिली. तो कळवळला. बाईंनी कवच चाचपलं आणि मला म्हणाल्या, "ताई, अस्तराच्या कापडाची एक लांब गुंडाळी करून द्या."

दादाच्या हातावरचं कवच गुंडाळीवर चढलं.

"आता म्हणा."

मी ओरडले, "ऊठ!" लोकांनी सवयीने साथ दिली. तिसऱ्या आरोळीला गुंडाळी मधोमध वाकली आणि वर उठली. कोणी हसलं नाही.

नंतर कळलं, बाहेर गाडीत बसलेला गुरूंचा शिष्य आरोळ्या मोजून बटण दाबत होता. बाईंनी कवच उसवलं. आत मोटर, वायरी आणि बॅटरी.

"यंत्र वाईट नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही असतं. पण तिथे आधी रुग्ण जोर लावतो, आणि कमी पडेल तेवढंच यंत्र उचलतं. त्या जोरातूनच मेंदू शिकतो."

"म्हणजे मी एकदाही उचलला नाही?" दादाने विचारलं.

"नाही."

"कात्री धरता येईल?"

"उद्यापासून प्रयत्न करू. पण झटक्यानंतरचे सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे असतात. खोटी आशा नाही दाखवणार."

गुरू मागच्या दाराने पसार झाले होते. दादा हमसून रडला.

तुमच्या घरी कोणी असं कवच आणलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: हे काढल्यावर हात हलतो का? आणि विचारायला सहा आठवडे लावू नका. मी लावले.