फरक तेवढाच राहतो

"फरक चुकलाय तुझा," वही परत देत सर्जेराव गुरुजी मनिषाला म्हणाले. "घरी नीट विचारून ये."

"न्हाई गुरुजी, बरोबर हाय. आईलाच इचारलं."

निवृत्त झाल्यापासून गुरुजी आष्टीजवळच्या आपल्या गावात समाजमंदिराच्या ओट्यावर रविवारी सकाळी मुलांना गणित शिकवत. पुस्तकातल्या वयांशी मुलांना काही देणंघेणं नसतं, म्हणून ते उदाहरण घरातलंच करून आणायला सांगत. सोमनाथनं म्हैस आणि रेडकाच्या वयाचं आणलं होतं, त्यावर सगळे हसून झाले होते. मनिषानं लिहिलं होतं: आई आणि मी यांच्या वयांचं गुणोत्तर २:१, फरक १४ वर्षे. वयं काढा.

गुरुजींनी फळ्यावर मांडलं. दोन भागांतून एक भाग गेला, उरला एक भाग, तो चौदा. मनिषा चौदा, आई अठ्ठावीस.

खडू फळ्यावरच टेकून राहिला. फरक चौदा आणि पोरीचं वयही चौदा. आज मनिषा जेवढी होती, तेवढी असताना तिच्या आईला, पारूला ती झाली होती.

पारू त्यांचीच विद्यार्थिनी. सातवीत दिवाळीनंतर तिच्या नावापुढं ते महिनोन् महिने गैरहजर लिहीत राहिले. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली असेल, गुढीपाडव्याला येईल, असं धरून चालले. आली नाही तेव्हा नाव कमी केलं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला कुणी विचारत नाही. हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. पण पारूच्या गैरहजेरीशी त्यांनी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. ते ओट्याच्या कडेला बसले.

तेवढ्यात पारूबाईच पायरीशी आली. "मनिषे, चल. पावणे आलेत तुला बघाया."

"कुठले पाहुणे?" गुरुजींनी विचारलं.

"धारूरकडचे. पोरगं एकटं हाय, टोळी निघायच्या आत कोयता पुरा करायचाय त्यांना."

गुरुजींना कायदा सांगायचा होता, पोलीस सांगायचे होते. त्याऐवजी ते उठले आणि त्यांनी फळ्यावर पुढचं उदाहरण लिहिलं: किती वर्षांनी गुणोत्तर ३:२ होईल? मनिषाला म्हणाले, एवढं सोडवून जा.

ती उठली. गुणोत्तर वर्षागणिक बदलतं, फरक तेवढाच राहतो, हे त्यांनीच शिकवलेलं. फरक पुन्हा एक भाग, चौदाच. "आणखी चौदा वर्सांनी. आई बेचाळीस, मी अठ्ठावीस."

पारूबाई फळ्याकडं बघत राहिली. "म्हंजे माझं आज हाय तेवढं?"

"हो."

पदराआड तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मग ती हळू म्हणाली, "तवा हिच्यापाशी चौदा वर्साची पोरगी नको, गुरुजी."

"त्या वर्षी मी तुझ्या घरी यायला हवं होतं, पारू."

"आला आसता, तर माझ्या बापानं चा पाजून वाटंला लावलं आसतं तुमाला." ती जराशी हसली.

"पाहुणे?"

"बसू द्या." तिनं चपला काढल्या आणि मुलांच्या मागं मांडी घातली.

गल्लीतून दोनदा हाक आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं पुढच्या सोमनाथच्या खांद्याला बोट लावलं.

"सर की जरा. फळा दिसत न्हाई."